सपाट सडकेचा चढ : रायपूर

ज्यांचे पाय सह्याद्रीत तयार झाले, त्यांना सपाट रस्त्याचे भय ते काय असणार, असा सर्वसाधारण समज असतो. दर रविवारी पहाटे वेताळ टेकडीला फेरी मारणारा किंवा आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड गाठणारा हौशी धावपटू डांबरी सडकेकडे थोड्या तुच्छतेनेच पाहतो. चढ नाही, दगड नाहीत, निसरडी माती नाही, मग त्यात अवघड असे काय आहे? हा प्रश्न घेऊन तो एखाद्या हिवाळ्यात रायपूरला येतो, आणि सोळाव्या-सतराव्या किलोमीटरवर त्याला उत्तर मिळते.

छत्तीसगडची ही राजधानी समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंचीवर, महानदीच्या खोऱ्यातील भाताच्या मैदानात वसली आहे. ज्या मुलखाला ‘धान का कटोरा’ म्हणतात, त्याच्या मध्यभागीच म्हणा ना. शहराच्या कोणत्याही टोकाला उभे राहा, नजर अडवणारा डोंगर दिसत नाही. रस्ता सरळ जातो तो क्षितिजापर्यंत. डोंगरात धावण्याची, म्हणजे आजच्या भाषेत ट्रेल रनिंगची, सवय असलेल्या माणसाला पहिली डांबरी शर्यत धावायची असेल तर यापेक्षा सोपी जागा नाही असे वाटते. खरे तर त्याची परीक्षा पाहणारी याहून चोख जागाही शोधून सापडायची नाही.

तलावांचे शहर, सडकांचे शहर

जुने रायपूर हे तलावांचे शहर. बूढा तलाव, महाराजबंध, कंकाली तलाव, तेलीबांधा अशी नावे वस्त्यांच्या नावांत मिसळून गेली आहेत. बूढा तलावाला आता विवेकानंद सरोवर म्हणतात. स्वामी विवेकानंदांचे, म्हणजे त्या वेळच्या नरेंद्राचे, बालपणीचे जवळजवळ दोन वर्षांचे वास्तव्य १८७७ ते १८७९ या काळात याच शहरात झाले. सरोवराच्या मधोमध त्यांचा भव्य पुतळा आहे आणि शहराच्या विमानतळालाही त्यांचेच नाव आहे.

पहाटे पाच-साडेपाचला तेलीबांधा तलावाच्या काठी गेले, की रायपूरची धावणारी आणि चालणारी मंडळी भेटतात. या काठाला लोकांनी कौतुकाने ‘मरीन ड्राइव्ह’ असे नाव दिले आहे. काठावर उंच राष्ट्रध्वज फडकत असतो. पंजाबी पोशाखावर बूट घातलेल्या गृहिणी, कानटोपी घातलेले निवृत्त साहेब, शाळेच्या स्पर्धेची तयारी करणारी पोरे, असा सगळा मेळा येथे दिसतो. धावणे झाल्यावर पोहे आणि जिलबी खाण्याची येथली रीत वैऱ्यालाही मोह पाडील अशी आहे.

जुन्या शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर नवा रायपूर, म्हणजेच अटल नगर, उभे राहिले आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी मध्य प्रदेशातून छत्तीसगड हे वेगळे राज्य झाले आणि त्यानंतर या आखीव राजधानीची उभारणी सुरू झाली. २०१२ साली मंत्रालय येथे हलले. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, विरळ वस्ती आणि सकाळची कमी वाहतूक यांमुळे लांब पल्ल्याच्या सरावाला ही जागा सोयीची आहे. थंडीच्या मोसमात रायपूर आणि नवा रायपूर परिसरात पाच, दहा आणि एकवीस किलोमीटरच्या शर्यती होतात. त्यांच्या तारखा आणि मार्ग दर वर्षी बदलतात, तेव्हा नाव नोंदवण्यापूर्वी चौकशी करावी.

शहराच्या बदलाची एक खूण धावणाऱ्यांच्या पायांखालीच आहे. रायपूरहून धमतरीला अरुंद मापाची छोटी रेल्वे जात असे. गावकरी तिला प्रेमाने ‘छोटी लाइन’ म्हणत. शहरातून जाणारे तिचे रूळ उखडले गेले आणि त्या जागी एक्स्प्रेसवे झाला. ज्यांनी त्या गाडीने प्रवास केला त्यांना हळहळ वाटते. त्यांच्या नातवंडांना मात्र तेथे रेल्वे होती हे सांगावे लागते.

ओळखीच्या खुणा

महाराष्ट्रातून येणाऱ्याला रायपूर परके वाटत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ साली रतनपूरवर आल्या आणि पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपुरात राहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, तोवर हा मुलूख भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. छत्तीसगडी बोलीत वस्तीला ‘पारा’ म्हणतात. बूढापारा, ब्राह्मणपारा यांच्या पंगतीत ‘तात्यापारा’ हे नाव वाचले, की मराठी माणसाची मान आपोआप वळते. लाखेनगर हे नाव वामनराव लाखे यांच्या स्मृतीचे. स्वातंत्र्यलढ्यात आणि सहकाराच्या कामात त्यांनी आयुष्य वेचले. हिंदी पत्रकारितेचे एक आद्य पुरुष मानले जाणारे माधवराव सप्रे हेही मराठी मातृभाषेचे. त्यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. १९३५ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ आजही येथील मराठी कुटुंबांना एकत्र बांधून आहे.

तेव्हा शर्यतीसाठी आलेल्या पाहुण्याशी एखादे आजोबा अस्सल नागपुरी वळणाच्या मराठीत बोलू लागले, तर नवल वाटू देऊ नये.

सपाटीचा त्रास कुठे असतो?

आता मूळ मुद्द्याकडे वळू. डोंगरात तास-दोन तास सहज धावणारा माणूस डांबरावर का थकतो?

डोंगरवाटेवर कोणतीही दोन पावले सारखी पडत नाहीत. एक दगडावर, दुसरे मातीत, तिसरे तिरपे, चौथे उडी मारून. चढ आला की चालायचे, त्यात कमीपणा मानत नाहीत. उतारावर मांड्या राबतात, चढावर पोटऱ्या आणि पाठ. कामाची वाटणी होत असल्याने शरीराच्या एकाच भागावर सारखा भार येत नाही. शिवाय मन वाट पाहण्यात, म्हणजे खरोखरच वाट निरखण्यात, गुंतलेले असते. किती अंतर राहिले याची आठवण क्वचितच येते.

डांबरी सडकेवर हे सगळे उलटे होते. अर्धमॅरेथॉन म्हणजे एकवीस किलोमीटर साडेसत्त्याण्णव मीटर. ही शर्यत अडीच तासांत पूर्ण करणारा सर्वसाधारण धावपटू सुमारे चोवीस-पंचवीस हजार पावले टाकतो, आणि ती जवळजवळ एकसारखी असतात. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. तोच घोटा, तीच पोटरी, तोच गुडघा, तोच कोन. वाटणी नाही आणि विश्रांतीही नाही. नदीचे पात्र उलट्या बाजूने उतरावे लागले म्हणून पाय थांबत नाहीत, खिंडीत वारा खाण्यासाठी कोणी टेकत नाही. सपाट रस्ता थांबायला निमित्तच देत नाही.

त्यातून आणखी एक खोड. डोंगरात धावणाऱ्याचा श्वास कसलेला असतो. चढांनी छाती तयार केलेली असते. म्हणून डांबरावर पहिले काही किलोमीटर त्याला फार हलके वाटते आणि तो आपल्या बेताबाहेर वेग घेतो. पण छाती तयार आहे म्हणून पोटऱ्या, नडग्या आणि तळव्यांच्या शिरा डांबराला तयार आहेत असे नसते. स्नायूंपेक्षा त्यांना हाडाशी जोडणाऱ्या बंधांना नव्या भाराची सवय व्हायला जास्त दिवस लागतात. श्वास पुढे धावतो, पाय मागे राहतात. डोंगरातून आलेल्या पुष्कळ धावपटूंची पहिली दुखापत अशीच होते.

रस्त्याचीही एक गंमत असते. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून सडक मध्यभागी किंचित उंच आणि दोन्ही कडांना उतरती बांधलेली असते. कायम डाव्या कडेने धावणाऱ्याचा एक पाय सतत थोडा खालच्या पातळीवर पडतो. डोंगरात ही तिरकी वाट चार पावलांची असते, येथे ती एकवीस किलोमीटरची होते. रस्ता बंद ठेवलेल्या शर्यतीत म्हणूनच जाणते धावपटू मधला सपाट भाग धरतात.

तयारी कशी करावी

ज्याची टेकडीची सवय पक्की आहे, त्यानेही डांबरी शर्यतीसाठी दहा-बारा आठवडे हाताशी ठेवावेत. सुरुवात अगदी थोड्यापासून करावी. आठवड्यातून दोनदा तीन-चार किलोमीटर डांबरावर, तेही सावकाश. पुढे हे अंतर थोडेथोडे वाढवीत न्यावे आणि शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा सोळा-सतरा किलोमीटरची सलग धाव व्हावी. शेवटच्या आठवड्यात सराव कमी करावा. त्या आठवड्यात वाढवलेल्या सरावाने शक्ती वाढत नाही, थकवा मात्र वाढतो. टेकडी सोडू नये. आठवड्यातला एक दिवस तिच्यासाठी राखावा, कारण मांड्यांची ताकद तिथेच तयार होते.

बुटांकडे दुर्लक्ष करू नये. डोंगरातल्या बुटांच्या तळाला मातीत रुतण्यासाठी जाड उंचवटे असतात. डांबरावर ते पायाला टोचतात आणि लवकर झिजतात. सडकेसाठी सपाट तळाचे, मऊ बूट घ्यावेत. पण ते शर्यतीच्या दिवशी प्रथमच पायात घालू नयेत. निदान महिनाभर वापरून ते अंगवळणी पाडावेत. नव्या चपलेने लग्नाला जाणाऱ्याचे जे होते, तेच नव्या बुटांनी शर्यतीला जाणाऱ्याचे होते.

मधे मधे चालावे का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. डोंगरात चढावर चालणारा माणूस डांबरावर चालताना मात्र लाजतो, कारण बाजूला लोक उभे असतात. ही लाज टाकून द्यावी. १९७२ च्या म्युनिच ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलवे यांनी पुढे हौशी लोकांना धावणे आणि चालणे यांची आखलेली सांगड शिकवली. काही मिनिटे धावावे, एक मिनिट चालावे, आणि हे दमल्यानंतर नव्हे तर पहिल्या किलोमीटरपासून करावे. असे करणारा शेवटच्या टप्प्यात बहुधा ताजातवाना राहतो आणि सुरुवातीला त्याला मागे टाकून गेलेल्यांपैकी अनेकांना गाठतो. डोंगरातल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. त्याने फक्त आपली जुनी सवय सडकेवर न संकोचता वापरायची असते.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाची तक्रार असलेल्यांनी वैद्यकीय तपासणी करूनच नाव नोंदवावे. घरच्यांनी याबाबत आग्रही राहावे. डोंगर चढतो म्हणून प्रकृती उत्तमच असणार, हे गृहीत धरू नये.

ऊन आणि पाणी

रायपूरचा उन्हाळा भट्टीसारखा असतो. मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो. पावसाळ्यात हवा दमट होते आणि घाम अंगावरच राहतो. घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. म्हणून येथे धावण्याचा काळ म्हणजे नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा. तेव्हा पहाटे अंगावर शहारे येतात, आणि याच गारव्याने पुष्कळ जण फसतात. सुरुवात अंधारात होते, हवा थंड असते, तहान लागत नाही. आठ वाजले की झाडे नसलेल्या सरळ रस्त्यावर ऊन थेट अंगावर येते. डोंगरात कड्याची सावली असते, जंगल असते. मैदानात आपल्या सावलीखेरीज दुसरी सावली नसते.

पाणी थोडे थोडे आणि ठरावीक अंतराने प्यावे. तहान नसताना तांब्याच्या तांब्या रिचवणेही धोक्याचे आहे, कारण त्यामुळे रक्तातील मिठाचे प्रमाण घसरू शकते. मीठ-साखरेचे पाणी बरोबर असावे. धावताना गरगरले, उन्हातही थंडी वाजल्यासारखे झाले, बोलणे अडखळले किंवा दिशा सुचेनाशी झाली, तर तेथेच थांबावे, सावलीत बसावे, अंगावर पाणी घ्यावे आणि मदत मागावी. सोबतच्या धावपटूत ही लक्षणे दिसली तर आपली शर्यत सोडून त्याच्याजवळ थांबावे. पदक पुढच्या वर्षीही मिळते.

छत्तीसगडच्या शेतकऱ्याला उन्हाशी कसे वागावे हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी मीठ, कांदा आणि हिरवी मिरची यांच्यासह खायची येथील रीत आहे. त्याला ‘बासी’ म्हणतात. पाणी, मीठ आणि पोटभर अन्न, तिन्ही एका वाडग्यात. कोकणातल्या आंबिलीची किंवा विदर्भातल्या शिळ्या भाताची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे. शर्यतीच्या सकाळी मात्र नवे पदार्थ पोटात ढकलू नयेत. बासी, फरा आणि चिला यांचा समाचार शर्यतीनंतर घ्यावा.

शर्यतीच्या सकाळी

डोंगरात अंतर तासांत मोजतात. ‘गड दोन तासांवर आहे’ म्हटले की पुरे. सडकेवर प्रत्येक किलोमीटरला पाटी असते आणि प्रत्येक पाटी हिशेब मागते. अडीच तासांत एकवीस किलोमीटर म्हणजे किलोमीटरला साधारण सात मिनिटे. हे गणित आधीच मनाशी पक्के करावे आणि पहिले तीन किलोमीटर त्याहूनही थोडे सावकाश धावावेत. शेजारच्याशी एखादे पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, ही सोपी कसोटी. वाक्य तुटू लागले की वेग जास्त झाला असे समजावे.

दहाव्या किलोमीटरपर्यंत सगळे ठीक चालते. पंधराव्यानंतर तोच रस्ता, तीच झाडांची रांग, तोच दुभाजक. लांबवर एक चौक दिसतो आणि दहा मिनिटे धावूनही तो जवळ येत नाही. डोंगरातला धावपटू येथे पहिल्यांदा कंटाळ्याला सामोरा जातो. तेव्हा उरलेले अंतर न मोजता पुढच्या पाण्याच्या टेबलापर्यंतच मोजावे. खांदे सैल सोडावेत, पावले आखूड आणि जलद टाकावीत. मान वर ठेवावी. डोंगरात डोळे पायाजवळ ठेवायची सवय असते, सडकेवर त्याने मान आणि पाठ अवघडतात.

या शर्यतींचा एक विशेष डोंगरात मिळत नाही. एरवी मुख्य रस्त्यावर धावणाऱ्या बाईकडे शंभर नजरा वळतात. टेकडीवर एकटीने जायला घरचे हरकत घेतात, आणि ती अगदीच अनाठायी नसते. शर्यतीच्या सकाळी मात्र रस्ता बंद असतो, जागोजागी स्वयंसेवक असतात, आजूबाजूला शेकडो माणसे धावत असतात. शाळेनंतर कधीच न धावलेली चाळिशीची गृहिणी त्या सकाळी राजधानीच्या रस्त्याच्या मधोमध धावते आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. ऑलिम्पिकमध्येसुद्धा स्त्रियांना मॅरेथॉन धावायला १९८४ साल उजाडावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या गोष्टीचे मोल कळते.

बारामतीच्या लता भगवान करे यांची कहाणी महाराष्ट्राला ठाऊक आहे. पतीच्या तपासणीसाठी पैसे हवे होते म्हणून साठी ओलांडलेल्या या कष्टकरी बाई २०१३ साली बारामतीच्या शर्यतीत नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्यावर निघालेल्या मराठी चित्रपटात त्यांनी स्वतःच भूमिका केली. त्यांनी कोणतेही प्रशिक्षण घेतले नव्हते. आयुष्यभर चाललेल्या वाटांनी आणि उपसलेल्या कष्टांनीच त्यांचे पाय तयार केले होते.

जिथे रस्ताच नवा आहे

रायपूरपासून दक्षिणेला दोनशेहून अधिक किलोमीटरवर, बस्तर विभागात नारायणपूर हे जिल्ह्याचे गाव आहे. त्याच्या पलीकडे अबूझमाड पसरला आहे. सुमारे चार हजार चौरस किलोमीटरचा हा डोंगराळ वनप्रदेश आपल्या गडचिरोली जिल्ह्याला लागून आहे. माडिया आदिवासींच्या या मुलखात अनेक वर्षे बाहेरच्यांना प्रवेशबंदी होती आणि नंतर माओवादी हिंसाचाराने तो बंदिस्त राहिला. पायवाटा होत्या, पण सडक नव्हती. आजारी माणसाला खाटेवर घालून मैलोन्‌मैल न्यावे लागे.

त्या नारायणपुरात ‘अबूझमाड पीस हाफ मॅरेथॉन’ भरू लागली. २०२५ च्या मार्चमध्ये ती नारायणपूर ते बासिंग या एकवीस किलोमीटरच्या मार्गावर झाली आणि हजारो लोक धावले. बस्तरच्या गावांतील मुलेमुली त्यांत होती, तसे परगावचे आणि परदेशचे पाहुणेही होते. शर्यत झाली म्हणून हिंसा संपली असे नाही. त्याच वर्षी मे महिन्यात याच भागात मोठी चकमक झाली आणि माओवाद्यांचे सरचिटणीस तीत मारले गेले. त्या वर्षाकडे पाहताना ही शर्यत आणि ही चकमक दोन्ही लक्षात ठेवाव्या लागतात.

अबूझमाडची मुले मूळचीच डोंगरवाटांवरची. बाजाराला, शाळेला, पाण्याला पायीच जाणारी. याच नारायणपूरच्या मुलांनी मल्लखांबात, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळात, असे कौशल्य मिळवले की २०२३ साली देशभर पाहिल्या जाणाऱ्या दूरदर्शन स्पर्धेत ती पहिली आली. त्यांच्यासाठी डांबरी सडकेवर धावणे म्हणजे शहरी लोकांसारखी सकाळची हौस नसते. ज्या रस्त्यावरून दवाखान्याची गाडी येते, शिक्षक येतात आणि पोलीसही येतात, तोच रस्ता एका सकाळी त्यांच्या पायांखाली असतो. सपाट सडक कंटाळवाणी असते अशी तक्रार करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या धावपटूने हे एकदा ध्यानात घ्यावे.

कुटुंबासह जाताना

शर्यतीसाठी एकट्याने जाऊन एकट्याने परतण्यापेक्षा कुटुंबाला बरोबर न्यावे. नागपूरहून रायपूर रेल्वेने सुमारे तीनशे किलोमीटर आहे. मुंबईहून हावडा मेल आणि गीतांजली, पुण्याहून आझाद हिंद या गाड्या नागपूरमार्गे रायपूरला जातात. शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळपर्यंत पोहोचावे, म्हणजे प्रवासाचा शीण उतरतो आणि क्रमांकाची पट्टी घ्यायला वेळ मिळतो.

धावणारा माणूस शर्यतीनंतर दुपारी झोपणारच, हे गृहीत धरून घरच्यांनी आपला कार्यक्रम आखावा. महंत घासीदास स्मारक संग्रहालयाची परंपरा १८७५ पासूनची आहे. नवा रायपुरात ‘पुरखौती मुक्तांगण’ आहे, तेथे छत्तीसगडच्या आदिवासी जीवनाची आणि कलांची ओळख होते. जवळच २०१६ साली सुरू झालेली जंगल सफारी मुलांना आवडते. दुसऱ्या दिवशी सर्वांनी मिळून सिरपूरला जावे. सुमारे ८० किलोमीटरवर महानदीच्या काठी असलेल्या या प्राचीन गावातले विटांचे लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातले आहे. तेथे भरपूर चालणे होते, आणि आखडलेल्या पायांना सावकाश चालण्यासारखे औषध नाही. राजिम हे त्रिवेणी संगमाचे तीर्थही तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे.

परतीच्या गाडीसाठी स्टेशनवर थोडे लवकर जावे. कारण फलाटावर जायला जिना असतो, आणि आदल्या दिवशी एकवीस किलोमीटर सपाट सडक धावलेला सिंहगडाचा गडी तो जिना कठडा धरून, आडव्या पावलांनी, एकेक पायरी करीत उतरतो. मुलांनी तेव्हा हसावे, पण बॅग मात्र त्यांनीच उचलावी.